कंदील परत खुंटीवर

वासुदेवराव लांजेवारांच्या क्वार्टरमध्ये कॉम्प्युटर आला तो राहायला नव्हे, पाहुणा म्हणून. त्यांचा मेहुणा घनश्याम मस्कतला नोकरीला होता. शहाऐंशी सालच्या दसऱ्याला तो सुटीवर आला तेव्हा तुमसरला त्याच्या नव्या घराचं प्लास्टर चालू होतं आणि घरभर सिमेंट उडत होतं. त्यानं पिशवीतून एक काळी पाटी काढून वासुदेवरावांच्या टेबलावर ठेवली. पाटीवर रबराची बटणं होती, शाळेतल्या खोडरबराचे तुकडे रांगेनं चिकटवावेत तशी.

"भाऊजी, हा कॉम्प्युटर. टीव्हीले जोडाचा, टेपरेकॉर्डरले जोडाचा, अन् खेळाचं. माह्या घरी लाइटीचं कनेक्शन भेटलं का घेऊन जातो. तवरीक सांभाळा."

सांभाळण्याच्या कामी वासुदेवरावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जवाहरनगरात नव्हता. दारूगोळ्याच्या कारखान्यात ते हेडक्लार्क होते आणि त्यांच्या टेबलावर आलेला कागद आजवर कधी हरवला नव्हता. टेबलावरून पुढे गेलेले कागदही फारसे कोणाला आठवत नसत, पण असं बोलणारी माणसं सगळ्याच कचेऱ्यांत असतात.

घरात मात्र त्यांना एक माणूस सांभाळता येत नव्हतं. ती त्यांची आई, सत्यभामाबाई. उन्हाळ्यात वडील गेले. लाखांदूरच्या पलीकडे, चुलबंद नदीच्या त्या काठावर त्यांचं गाव. वासुदेवरावांनी शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं, घराला कुलूप घातलं आणि आईला क्वार्टरवर घेऊन आले. तेव्हापासून म्हातारी "हो", "नाई" आणि "जेवली" एवढ्या तीन शब्दांवर दिवस काढत होती. रुसवा नाही, रडणं नाही, दुखणं नाही. सकाळी अंघोळ करून क्वार्टरच्या पायरीवर जाऊन बसायची आणि दिवेलागणीनंतर आत यायची.

ज्याच्या सहीशिवाय कारखान्यात खुर्ची हलत नाही, त्याच्याशी आई बोलत नाही, ही गोष्ट वासुदेवरावांना फार लागली होती. येता-जाता ते विचारत, "माय, काय पाहिजे तुले? माय, दुखते का कुठं? माय, करमत नाई का?" बायको विमलाबाईही विचारायच्या, शेजारीपाजारीही विचारायचे. म्हातारी म्हणायची, "नाई." तिचं मन रमावं म्हणून वासुदेवरावांनी टीव्ही घेतला. सत्यभामाबाई टीव्हीकडे पाठ करून पायरीवर बसल्या. मन रमलं ते शेजारच्या बाबुलालचं. तो चहालाही इथंच येऊ लागला.

हा बाबुलाल बालाघाटकडचा, कारखान्यात फिटर. जगातलं कुठलंही यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नसे, आणि उघडलेलं पुन्हा बंद झालंच पाहिजे असा त्याचा आग्रह नसे. कॉम्प्युटर आल्याची बातमी त्यानंच क्वार्टरांच्या लाइनीभर केली. घनश्यामनं दोन कॅसेटी दिल्या होत्या. एकीत विमानांची गोळीबारी होती आणि दुसरीत "काहीतरी स्टोरी" होती, असं तो सांगून गेला. गोळीबारी पाहायला सगळी लाइन लोटली. बायका सतरंजीवर, पुरुष खिडकीत. सत्यभामाबाई पायरीवर, पाठमोऱ्या.

बाबुलालनं गोळीबारीची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबलं. कुकरची शिट्टी, लग्नातली सनई आणि गिरणीचा पट्टा यांचं एकाच वेळी भांडण लागावं असा आवाज सुरू झाला. हा आवाज म्हणजेच खेळ आत जातोय, हे घनश्यामनं सांगितलं होतं. ते बाबुलाल विसरला. काहीतरी अडकलं असं वाटून त्यानं टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. विमानं, तोफा आणि सगळी लढाई तपकिरी फितीच्या गुंत्यातून बाहेर आली ती कायमची. बाबुलाल म्हणाला, "कंपनी का माल ही हलका है."

मग दुसरी कॅसेट लावली. बराच वेळ किंचाळून ती गप्प झाली आणि पडद्यावर चित्र आलं. नदी, काठावर एक झोपडी, झोपडीसमोर पायरी, पायरीवर पाठमोरी बसलेली एक बाई. खाली इंग्रजीत चार ओळी. लोक वाट पाहू लागले. चित्र काही हललं नाही.

"आता का होईन?" कोणीतरी विचारलं.

"काही नाई होत," विमलाबाई म्हणाल्या. "नदी हाय नं ते."

थोड्या वेळानं सतरंजी रिकामी झाली. जाताना लोक वासुदेवरावांकडे, लग्नात जेवण न मिळालेल्या पाहुण्यांनी यजमानाकडे पाहावं तसं पाहून गेले. वासुदेवरावांचा अपमान झाला. वस्तू त्यांची नव्हती, मागवली त्यांनी नव्हती, मोडली बाबुलालनं होती, तरी अपमान त्यांचा. अपमानाला त्यांचा पत्ता बरोबर सापडायचा.

उरले चौघं. वासुदेवराव, विमलाबाई, अपराधी तोंडानं बसलेला बाबुलाल आणि केशवराव रामटेके. केशवराव वसाहतीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि पडद्यावरच्या ओळी अर्धवट सोडून उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्गात वाचतात तसं मराठीत वाचलं, "तू एका नदीच्या काठी उभा आहेस. संध्याकाळ होत आली आहे. झोपडीच्या पायरीवर एक वृद्ध स्त्री बसली आहे. खुंटीला कंदील आहे. तू काय करतोस?"

"मले तू म्हनते का?" वासुदेवराव म्हणाले.

केशवरावांनी मोठ्या मनानं पुन्हा वाचलं, "आपण नदीच्या काठी उभे आहात." मग वासुदेवराव निवळले. पण खालचा प्रश्न तसाच लुकलुकत राहिला. आपण काय करता? असा प्रश्न त्यांना आजवर कोणी इतक्या शांतपणे विचारला नव्हता. साहेब विचारायचे, पण त्यात वेगळा सूर असायचा.

खेळ असा होता की तुम्ही इंग्रजीत दोन शब्द टाकायचे आणि यंत्र पुढची हकिकत सांगायचं. उत्तरेला जा. दार उघड. कंदील घे. तुम्ही काही टाकलं नाही तर यंत्र काही करायचं नाही. रात्र पडायची नाही, नदी वाढायची नाही, कोणी मरायचं नाही. बाबुलाल म्हणाला, "झोपडी के पीछे रस्ता है, कंदील लो और चलो." तेव्हा विमलाबाईंनी हात आडवा केला.

"कंदील कोनाचा हाय?"

केशवराव म्हणाले, "लिहिलेलं नाही."

"मंग उचलाचा नाई. लोकायच्या घरचा कंदील न विचारता नेता का?"

"भाभी, ये खेल है!"

"खेळात चोरी केली तर चालते का?"

चोरी न केल्यामुळे वासुदेवराव अंधारात रस्त्यानं गेले, खड्ड्यात पडले आणि मेले. यंत्रानं तसं स्वच्छ कळवलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ते पुन्हा मेले. हेडक्लार्क माणूस एका संध्याकाळी इतक्या वेळा मेलेला लाइनीत कोणी पाहिला नव्हता. शेवटी विमलाबाई एका अटीवर तयार झाल्या. कंदील न्यायचा, पण खेळ बंद करायच्या आधी आणून पुन्हा खुंटीला टांगायचा. त्या काळी साऱ्या जगात हा खेळ ज्यांनी ज्यांनी खेळला असेल, त्यांच्यापैकी कोणी रोज अर्धा वेळ कंदील परत करण्यात घालवला नसेल. जवाहरनगरात तो गेला. जंगलातून, देवळावरून, पडक्या पुलावरून उलटं चालत यायचं, आणि कंदील खुंटीवर गेला की विमलाबाई म्हणायच्या, "हं. आता करा बंद."

खेळ होता तिथवर जपून ठेवायची काही युक्ती होती म्हणतात, पण तिचं पुस्तक घनश्यामकडे राहिलं होतं. शिवाय लाइटही भरवशाची नव्हती. म्हणून रोज संध्याकाळी पुन्हा तीच नदी, तीच पायरी, तेच "आपण नदीच्या काठी उभे आहात." आणि नवल असं की त्याचा कोणाला कंटाळा येईना. केशवराव रोज तेवढ्याच गंभीरपणे वाचायचे आणि ऐकणारे रोज तेवढंच मन लावून ऐकायचे. दिवसभर बारुदीच्या वासात, भोंग्याच्या तालावर पळणारी ही माणसं. इथं कोणी पळा म्हणत नव्हतं. बाबुलाल म्हणायचा, "इसमें है क्या? कुछ होता ही नहीं." एवढं म्हणून तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

त्या किंचाळ्यांची चौकशीही झाली. वसाहतीच्या फाटकावरचा पहारेकरी देवाजी एकदा काठी आपटत दारात उभा राहिला. दारूगोळ्याच्या कारखान्याशेजारी हेडक्लार्कच्या घरातून रोज कसले आवाज येतात, शेजाऱ्यांचं म्हणणं काहीतरी बिनतारी भानगड आहे. वासुदेवरावांना घाम फुटला. त्यांनी परवानगीचा अर्ज खरडून दिला, "मनोरंजनाचे यंत्र, हिंसक नाही." देवाजीनं तो खिशात घातला आणि नीट चौकशी करावी म्हणून बसला. दुसऱ्या दिवशीही चौकशीला बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं घरून चटई आणली. अर्ज त्याच्या खिशात धुतला गेला, पण चौकशी चालू राहिली.

आता घोडं अडलं होतं त्या बाईपाशी. सगळे रस्ते फिरून झाले होते. नदीत एक होडी बांधलेली होती आणि होडीत पाय टाकला की यंत्र म्हणायचं, "कुठे जायचे ते तुम्हाला ठाऊक नाही." ते फक्त पायरीवरच्या बाईला ठाऊक असणार, आणि बाई बोलत नव्हती. तिला नाव विचारलं. बोलली नाही. भाकर दिली. तिनं मान हलवली. पैसे दिले, पाणी दिलं. देवाजीनं फाटकावर विचारायची सवय इथंही लावली. कुठून आले, कोणाकडे, काय काम? बाई नदीकडे पाहत राहिली. केशवरावांनी शब्दकोशातून विनवणीचे सगळे शब्द काढून पाहिले. बाबुलाल म्हणाला, जरा जोरात ओरडून बघा, बहिरी असेल. लाइनीतल्या ज्या बायका पहिल्या दिवशी उठून गेल्या होत्या त्याही खिडकीतून सल्ला देऊन जाऊ लागल्या. कोणी म्हणे तिला लुगडं द्या, कोणी म्हणे दृष्ट काढा.

वासुदेवराव हट्टाला पेटले. कारखान्यात ते डुलक्या घेऊ लागले, फायलीच्या कोपऱ्यावर होडी काढू लागले. मधेच घनश्यामचा निरोप यायचा, भाऊजी, वीज कचेरीत तुमच्या ओळखीचे आहेत ना, जरा कनेक्शनचं बघा. वासुदेवराव ओळखीच्या माणसाला भेटायचे, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचे आणि कनेक्शनचं नाव न काढता परत यायचे. घाई कशाला, प्लास्टरला पाणी मुरलं पाहिजे, असं ते घनश्यामला कळवायचे.

एका संध्याकाळी असाच गोंधळ चालला होता. वासुदेवराव बटणं दाबत होते, चारही बाजूंनी सल्ले येत होते. बोला म्हणा तिला, का बोलत नाही विचारा, कोणाची वाट पाहते विचारा. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"काहून वटवट करून राह्यले तिच्याजवळ?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. सत्यभामाबाई वळून बसल्या होत्या. कधीपासून वळल्या होत्या कोणाला ठाऊक नव्हतं.

"सांजच्याले असा गलका करते का कोनी? मुकाट्यानं बसा नं तिच्यापाशी."

एवढी वाक्यं त्या घरात उन्हाळ्यापासून कोणी ऐकली नव्हती. विमलाबाईंच्या हातातला डबा हातातच राहिला. वासुदेवरावांच्या तोंडावर नेहमीचा प्रश्न आला, माय, काय पाहिजे तुले. तेवढ्यात केशवरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वासुदेवराव प्रश्न गिळून पडद्याकडे वळले आणि त्यांनी "बस" असं इंग्रजीत टाकलं.

केशवरावांनी वाचलं, "आपण पायरीवर बसता. वृद्ध स्त्री जराशी सरकून आपल्याला जागा देते."

"पाह्य, सरकली," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आता?" वासुदेवरावांनी विचारलं.

"आता का? बसले नं. थांबा."

त्यांनी "थांब" टाकलं. यंत्र म्हणालं, नदी वाहते आहे. पुन्हा थांब. एक बगळा पलीकडे गेला. पुन्हा थांब. पाण्यावरचा उजेड कमी झाला. बाबुलाल चुळबुळला, तेव्हा देवाजीनं त्याच्याकडे काठी रोखली. किती वेळा थांबले ते कोणी मोजलं नाही. मग केशवरावांचा वर्गातला आवाज थोडा बदलला.

"स्त्री म्हणते, माझं घर पलीकडच्या काठावर आहे. तिथे दिवा लावायचा राहून गेला."

बाहेर कारखान्याची बस वळल्याचा आवाज आला.

"माह्याही," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

आता सगळ्यांना कळलं होतं. कंदील घ्यायचा, होडी सोडायची, बाईला पलीकडे न्यायचं. बाबुलाल तर उभाच राहिला. पण त्याच क्षणी लाइट गेली. ती पुन्हा आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. "उद्या नेऊ तिले," वासुदेवराव म्हणाले आणि तारा गुंडाळू लागले.

"आता थे बाई का करन?" अंथरुणावर पडल्या पडल्या सत्यभामाबाईंनी विचारलं.

"काही नाई माय. आपन येईपर्यंत तिथंच बसून राह्यते. आपल्याशिवाय तिथं काहीच होत नाई."

"अंधार नाई पडत?"

"नाई."

म्हातारीनं कूस बदलली. मग म्हणाली, "बरं हाय तिचं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून वासुदेवराव जवळजवळ पळत घरी आले. दारात घनश्याम उभा होता, हातात पिशवी. पिशवीत काळी पाटी. कनेक्शन मिळालं होतं. वासुदेवराव भेटले त्याच ओळखीच्या माणसानं, "तुमचे भाऊजी नेहमी येतात, मोठा प्रेमळ माणूस," म्हणून आपण होऊन काम करून दिलं होतं. भलेपणा असा अंगावर येतो.

"एक दिवस ठेव," वासुदेवराव म्हणाले. "एक बाई पोचवाची हाय."

घनश्यामनं बहिणीकडे पाहिलं. विमलाबाईही तेच म्हणाल्या. त्याला वाटलं घरात काहीतरी बिनसलं आहे, अशा वेळी आपण थांबू नये. तो म्हणाला, "त्या स्टोरीत काही दम नाई भाऊजी. मी पाह्यलं होतं. कोनी फायरिंगच नाई करत." आणि तुमसरची गाडी गाठायला निघून गेला.

संध्याकाळी सगळे आपापल्या वेळेला आले आणि रिकाम्या टेबलासमोर बसले. देवाजीनं चटई अंथरली. केशवरावांनी चष्मा पुसला आणि परत घातला. शेजारच्या एखाद्या घरचं माणूस गेल्यावर बसतात तसे ते बसले होते, आणि हे हसण्यासारखं आहे हे त्यांनाही कळत होतं. बाबुलाल म्हणाला, "वो बुढिया तो वहीं बैठी होगी."

वासुदेवरावांनी पायरीवरच्या पाठमोऱ्या आईकडे पाहिलं. तिच्याकडे ते रोज पाहत होते, पण त्या दिवशी त्यांना ती दिसली. ते म्हणाले, "बाबुलाल, तुझ्याकडं कंदील हाय नं?"

त्यांनी रजा काढली. अर्जात कारण लिहिलं, "घरी दिवा लावणे." हे कारण किरकोळ रजेत बसतं की नाही यावर कचेरीत दोन गट पडले आणि चहा होईपर्यंत वाद चालला. साहेबांनी वर पाहिलं, वासुदेवरावांचा चेहरा पाहिला आणि सही केली. विमलाबाई तर निघणारच होत्या, आणि आणखी बरोबर येणार कोण हा प्रश्नच नव्हता. बाबुलाल म्हणाला, कंदील माझा आहे. केशवरावांना वाटलं, गोष्ट अर्धवट सोडायची नाही. देवाजी म्हणाला, चौकशी पूर्ण झालेली नाही.

भंडाऱ्याला लाखांदूरच्या एसटीत चढताना कंडक्टरनं कंदिलाचा वास घेतला. "रॉकेल हाय का यात? गाडीत नेता येत नाई."

"मी दारूगोळ्याच्या कारखान्यात हेडक्लार्क हाय," वासुदेवराव ताठ होत म्हणाले. कंदील घेऊन बसणाऱ्या माणसानं कंडक्टरला सांगू नये अशी तीच एक गोष्ट होती. कंडक्टरनं भर गाडीत त्यांना ज्वालाग्राही पदार्थांची माहिती दिली. हेच परिपत्रक त्यांनी स्वतः कितीदा काढलं होतं. शेवटी रॉकेल स्टँडवरच्या चहावाल्याच्या स्टोव्हमध्ये गेलं आणि रिकामा कंदील सत्यभामाबाईंच्या मांडीवर बसून लाखांदूरला निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये नुसते खुंट उरले होते. म्हातारी खिडकीतून एकेक बांधी पाहत होती.

नदीवर पोचेपर्यंत उन्हं कलली. डोंगेवाला सगळ्यांना एकदम न्यायला तयार होईना, म्हणून पहिल्या खेपेत आई आणि मुलगा गेले. डोंगा हलला तसा काठावरून बाबुलाल ओरडला, "संभाल के! यहाँ से फिर शुरू नहीं कर सकते!" देवाजीनं त्याला गप्प केलं, पण ते वासुदेवरावांच्या कानावर पडून गेलं होतं. त्यांनी आईचा हात धरला. हात हलका लागला. उन्हाळ्यात आणली तेव्हा इतका हलका नव्हता.

घरासमोर सगळे जमले, आणि वासुदेवरावांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. किल्ली जवाहरनगरला, क्वार्टरच्या खुंटीवर राहिली होती. सांभाळून ठेवलेली.

कारखान्यातली सगळी अब्रू त्या दाराशी गळून पडली. बाबुलालनं बाह्या सरसावल्या. "दो मिनट, ताला खोल देता हूँ."

"फोडाचं नाई," विमलाबाई म्हणाल्या.

"भाभी, घर आपका ही है!"

"घर आत्याबाईचं हाय. त्यायले विचारा."

सत्यभामाबाई केव्हाच पायरीवर बसल्या होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "दिवा पायरीवर लागला तरी घराले लागते."

समोरच्या घरातून चंद्रभागाबाई रॉकेलची बाटली घेऊन आल्या. दोघींनी मिळून वात पुसली, काच पुसली. "आली का वं?" एवढंच त्यांनी विचारलं. "आली," सत्यभामाबाई म्हणाल्या. कंदील लागला. भिंतीवर, कुलपावर, सगळ्यांच्या पायांवर पिवळा उजेड पडला. म्हातारीनं दिव्याला हात जोडले. वासुदेवरावांना एकदम खूप काही बोलायचं होतं. किल्लीचं, टीव्हीचं, बाबांचं, उन्हाळ्यात न विचारता तिला घेऊन गेल्याचं. ते पुढे झाले आणि मग नुसतेच तिच्याशेजारी पायरीवर बसले.

सत्यभामाबाई जराशा सरकल्या.

मागे उभ्या असलेल्या बाबुलालनं हळूच केशवरावांना विचारलं, "अब क्या लिखना है?" केशवरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

गावात कुठंतरी गाई परत येत होत्या. बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "कापनी झाली वाट्टे साऱ्यायची." वासुदेवराव म्हणाले, "हो माय." मग ती बोलत राहिली. बोडीच्या तळ्यात पाणी किती असेल, यंदा मासोळी कोणी धरली, बाबांनी लावलेली चिंच कोणी झोडपली. वासुदेवराव प्रत्येकाला हो म्हणत राहिले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही.

"किल्ली पाठव," शेवटी ती म्हणाली. "धान चुरून होईस्तवर मी इथंच राहीन. किल्ली येईस्तवर चंद्रभागाच्या घरी झोपतो."

"अन् मंग?"

"मंग पाहू. तू येशीन तवा ये. मी काही कुठं जाऊन नाई राह्यली."

पडद्यावरच्या बाईचं तसं होतं. माणसाचं तसं नसतं, हे वासुदेवरावांना आता पुरतं ठाऊक होतं. पुढं दर शनिवारी दुपारच्या एसटीला ते लाखांदूरला निघत, आणि कधी बस चुकली तर स्टँडवर असे कासावीस होत की कंडक्टर त्यांना ओळखू लागला. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी चंद्रभागाबाईंकडे जेवणं झाली आणि सगळे झोपायला उठले, तेव्हा विमलाबाई सवयीनं कंदिलाकडे गेल्या. दुसऱ्याची वस्तू, परत न्यायला हवी. त्यांनी बाबुलालकडे पाहिलं.

"रहने दो भाभी," बाबुलाल म्हणाला.

विमलाबाईंनी कंदील उचलला, वात थोडी बारीक केली आणि दाराशेजारच्या खुंटीवर टांगला. "हं," त्या म्हणाल्या, पण पुढचं नेहमीचं वाक्य काही त्या बोलल्या नाहीत.